हजेरीबाहेरचे बारा फूट

मी एक जुना धक्का आहे, मित्रांनो. तापीच्या उत्तर काठावर बोरदळे नावाचं गाव आहे, त्या गावाचा. होडीत चढता-उतरता यावं म्हणून काठापासून पाण्यात उतरत गेलेली काळ्या दगडांची रुंद वाट म्हणजे मी. माझा वरचा भाग बाराही महिने उन्हात असतो आणि खालचा भाग पावसाळ्यात पाण्याखाली जातो. धुळ्याच्या एका कार्यालयात मात्र माझी ओळख वेगळी आहे. तिथल्या कागदावर मी धक्का नाही, रस्ता आहे. आणि कागदात माझी जितकी लांबी लिहिली आहे, तिच्यापेक्षा मी बारा फूट जास्त लांब आहे. यात मला लाज वाटण्यासारखं काही नाही. का नाही, ते सांगतो.

माझ्या जन्माआधी इथे नुसता काठ होता. लोक उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडत. मग खाली कुठेतरी धरण झालं आणि त्याचं पाणी बोरदळ्यापर्यंत चढून आलं. एकोणीसशे एक्याऐंशीपासून इथे पुरुषभर पाणी राहू लागलं. पलीकडे रानवाडे गाव. दवाखाना तिकडे, बाजार तिकडे, धुळ्याची एस.टी. तिकडे, आणि बोरदळ्याच्या निम्म्या लोकांची कामाची शेतंही तिकडेच. तेव्हा अभिमन नानांची होडी सुरू झाली. नाना म्हणजे गावचे नावाडी. उंच, वाकलेले, कमी बोलणारे.

पलीकडचा काठ वाळूचा होता, तिथे उतरायला अडचण नव्हती. अडचण अलीकडे होती. धरणाचं पाणी चढायचं, उतरायचं, आणि प्रत्येक वेळी काठावर काळ्या मातीचा जाड थर ठेवून जायचं. गावात त्याला गारा म्हणतात. बायका लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून गाऱ्यातून होडीपर्यंत जायच्या. आजाऱ्याला खाटेवर घालून न्यायचे, तर खाट उचलणारे चौघे मांडीपर्यंत रुतायचे.

चौऱ्याऐंशीच्या कार्तिकात मंजुळाबाई तिथे पडली. मंजुळाबाई बौद्धवाड्यात राहायची. तेव्हा ती तिशीची असेल. पलीकडून कापूस वेचून परत येत होती, डोक्यावर गाठोडं होतं. होडीतून उतरताना तिचा पाय गाऱ्यात गेला तो बाभळीच्या बुडालेल्या खोडात अडकला, आणि मागून होडी सरकून तिच्या नडगीवर आली. तिला बाहेर काढायला बायकांना बराच वेळ लागला, कारण जी ओढायला जाई तीच रुतत होती. पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं, तर पुन्हा त्याच गाऱ्यातून होडीत चढवायचं. पाय जुळला, पण वाकडा जुळला. त्यानंतर ती आयुष्यभर काठी टेकत चालली.

काठी हाती आल्यावर ती पहिल्यांदा कुठे गेली असेल, तर ग्रामसभेत. तिथे उभी राहून तिने सांगितलं की होडीत चढायला दगडाची वाट पाहिजे. सरपंच पंडित आबा जुने बागाईतदार होते. नदीकाठी त्यांचं पंपघर होतं, आणि गावातलं कोणतंही काम आपल्या तोंडून निघावं अशी त्यांची सवय होती. पण तिच्या पायाकडे पाहून कुणालाच नाही म्हणता येईना. ठराव झाला, अर्ज धुळ्याला गेला.

उत्तर यायला वर्ष लागलं. उत्तरात लिहिलं होतं की धक्के ही समुद्रकिनाऱ्यावरची कामं आहेत. त्यांच्यासाठीचा निधी सागरी जिल्ह्यांना मिळतो. आपल्या जिल्ह्याला समुद्र नसल्याने मागणीचा विचार करता येत नाही.

मित्रांनो, मी तेव्हा अजून जन्मलोही नव्हतो, आणि माझं जन्मणं शक्य नाही असं लिहून झालं होतं.

पंडित आबांनी तो कागद वाचून दाखवला आणि विषय संपला असं सांगितलं. मंजुळाबाईने तो कागद मागून घेतला, घडी करून पदराला बांधला, आणि अभिमन नानांना बरोबर घेऊन धुळ्याची एस.टी. धरली. नाना पुढे कितीतरी वर्षं होडीतल्या लोकांना त्या दिवसाची गोष्ट सांगायचे. मी ती तिथेच ऐकली. कार्यालयात त्यांना या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं. शेवटी एका लिपिकाने तोच कागद पुन्हा वाचला आणि समजावलं की बाई, धक्का समुद्राला असतो, नदीला घाट असतो, आणि घाटासाठी तीर्थक्षेत्र लागतं. तुमच्याकडे समुद्र नाही आणि तीर्थही नाही.

मंजुळाबाई म्हणाली, “साहेब, समुद्र नही म्हनीसन आम्ही बुडतस नही का?”

लिपिकाने कागद घडी करून परत दिला. पण शेजारच्या टेबलाशी एक तरुण ओव्हरसियर नकाशा पसरून उभा होता. त्याने मान वर करून गावाचं नाव विचारलं. त्याचं नाव सुकदेव. सुकदेव साहेबांनी तेव्हा काहीच वचन दिलं नाही. फक्त वहीच्या कोपऱ्यात बोरदळे असं लिहून घेतलं.

पुढे सत्याऐंशी साल आलं. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता, हाताला काम नव्हतं, म्हणून तालुक्यात रोजगार हमीची कामं निघाली. बोरदळ्याला रस्त्याचं काम मिळालं. आदेशात चारच शब्द होते : गाव ते नदी रस्ता. आणि मोजायला आले ते सुकदेव साहेब.

चैत्राचं ऊन होतं. नदी इतकी आटली होती की म्हाताऱ्यांनीही धरण झाल्यापासून इतकी खाली पाहिली नव्हती. साहेब काठावर उभे राहून बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी अभिमन नानांना विचारलं की नदी कुठून सुरू होते. नानांनी खाली, लांब, पाण्याच्या कडेकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाले, “मग रस्ता तिथपर्यंत जाईल. आदेशात नदीपर्यंत लिहिलंय. कोणत्या महिन्यातली नदी, ते लिहिलेलं नाही.”

एवढ्यात माझा जन्म ठरला. उन्हाळ्यात पाण्याच्या कडेपर्यंत रस्ता करायचा. पावसाळ्यात पाणी त्याच्यावर चढेल, आणि जो रस्ता होता तोच धक्का होईल. त्यांनी हे चोरून केलं नाही. टिपणात स्वच्छ लिहिलं : रस्त्याची हद्द, उन्हाळ्यातील पाण्याची कड. त्याखाली सही केली.

मग जागेचा वाद निघाला. पंडित आबांचं म्हणणं होतं की रस्ता त्यांच्या पंपघराजवळून उतरावा. नाना म्हणत होते की तो बौद्धवाड्याच्या खालून उतरावा. गावातल्या पुष्कळांना ते पटेना. होडीला जाताना रोज त्या वाड्यातून जावं लागेल, असं ते एकमेकांत बोलत होते, साहेबांसमोर मात्र दुसरीच कारणं देत होते. मंजुळाबाईला ती दुसरी कारणं ऐकून हसू येत होतं. बोलले ते नाना.

“होडी कोठे लावानी हाई पानी ठरावस, आबा,” ते म्हणाले. “मी नही, तुम्ही बी नही.”

साहेबांनी पहार मागवली. पंपघराजवळ ती मारली तर हातभर आत गेली आणि मातीत उभी राहिली. बौद्धवाड्याखाली मारली तर खणकन आवाज होऊन उलटी उसळली. खाली सलग खडक होता. साहेबांनी तिथेच चुन्याची रेघ ओढली.

माझे दगड जवळच्या नाल्यातून आले. आधी खडक मोकळा केला, त्यावर मुरूम पसरला, कडांना मोठे धोंडे उभे गाडले, आणि मधे आडव्या ओळींनी दगड बसवले. दर ओळ आधीच्या ओळीपेक्षा किंचित उचललेली ठेवली, म्हणजे ओल्या पायाला टेकू मिळावा. ही युक्ती साहेबांची नव्हती. झुंबरबाई नावाची म्हातारी मजूर होती, तिने एका ओळीवर ओले पाय ठेवून दाखवले आणि दगड फिरवून बसवायला सांगितले. साहेबांनी मान्य केलं. मंजुळाबाईला ओझं नेता येत नव्हतं. ती वाकडा पाय पुढे पसरून खडी फोडायला बसायची. साठ-सत्तर माणसं होती, त्यांत बायकाच जास्त.

मे महिना संपत आला. वर कुठे पाऊस झाला की धरणाचं पाणी चढणार आणि खालचं काम पाण्यात जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. खालच्या टोकाचे बारा फूट राहिले होते, आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचे होते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की होडी त्याच बारा फुटांना लागणार होती. ते नसते, तर वर्षातले तीन महिने पुन्हा गारा होता.

नेमक्या त्याच वेळी मोठे साहेब जीपमधून आले. पंडित आबांनी तक्रार पाठवली होती की रस्त्याच्या नावाखाली सरकारचा पैसा नदीत टाकला जातोय. मोठ्या साहेबांनी काम पाहिलं, सुकदेव साहेबांना सर्वांसमोर बोलले, आणि काम तिथेच बंद करायला सांगितलं. जेवढं झालं तेवढं मोजा, तेवढीच लांबी लिहा, हजेरी आजपासून बंद. हजेरी बंद म्हणजे आता मजुरी नाही.

सुकदेव साहेबांचा चेहरा पडला. मुकादमाने हजेरीचा कागद गुंडाळला. बायका एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. वैशाखात ज्या घरात काम नसतं त्या घरात काय असतं, ते त्यांना ठाऊक होतं. मंजुळाबाई बसल्या जागेवरून उठली नाही. तिने पुढचा धोंडा ओढून घेतला आणि हातोडी उचलली.

“हजेरी बंद करा, साहेब,” ती म्हणाली. “हात आमना शेतस.”

हात त्यांचेच होते. तिने घाव घातला. दुसरा आवाज झुंबरबाईच्या घमेल्याचा झाला. मग तिसरा, चौथा. मोठे साहेब जीपमध्ये बसून गेले. अडवायचं कशाला, हे बहुधा त्यांनाही समजलं नसावं. ज्या कामाची हजेरीच नाही, ते काम बंद कसं करणार?

पुढचे पाच दिवस तेवीस जणी फुकट राबल्या. सगळ्या आल्या नाहीत. ज्यांच्या घरात दाणा नव्हता त्या दुसऱ्या कामावर गेल्या, आणि त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. अभिमन नानांनी होडी बांधून ठेवली आणि दगड वाहिले. सुकदेव साहेब सुट्टी टाकून आले, दोरी धरून उतार बघत राहिले. सहाव्या दिवशी दुपारी शेवटची ओळ बसली. चार दिवसांनी पाणी चढलं.

माझ्या अंगावर पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा मला भीती वाटली नाही, मित्रांनो. माझे दगड कुणी कसे बसवले होते, ते मला माहीत होतं.

त्यानंतरची वर्षं माझ्या कामाची होती. कापसाची गाठोडी गेली, केळीचे घड गेले, सायकली गेल्या, वऱ्हाडं गेली. पलीकडून शाळेच्या नव्या बाई आल्या, त्या पहिल्या दिवशी चपला हातात घेऊन उतरल्या आणि कोरडे दगड पाहून पुन्हा पायात घातल्या. खाटेवरचे आजारी गेले. उचलणारे आता रुतत नव्हते, चालत होते. होडी लागली की माझ्या कडेच्या धोंड्याला तिचा हलका धक्का बसायचा. मला तो आवडायचा.

पंडित आबा मात्र तीन पावसाळे माझ्यावरून गेले नाहीत. होडी पंपघराशी बोलवायचे आणि फळी टाकून चढायचे. नाना होडी तिकडे न्यायचे. नव्वदच्या श्रावणात तो काठ ढासळला आणि पंपघराची अर्धी भिंत नदीत गेली. दुसऱ्या दिवशी आबांना रानवाड्याला जायचं होतं. ते छत्री घेऊन बौद्धवाड्यातून उतरत आले, कुणाकडे न बघता. मंजुळाबाई दारात बसली होती. तिला त्या वेळी पुष्कळ काही बोलता आलं असतं.

“आबा, डाव्या अंगनी चाला,” ती म्हणाली. “उजवीकडे निसरडं शे.”

आबा थांबले. मग डाव्या बाजूने उतरले. त्या दिवसापासून ते रोज तिथूनच जाऊ लागले.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात माझ्यावर खरं संकट आलं. नदीतल्या वाळूचा ठेका कुणा बाहेरच्या माणसाने घेतला. माझ्या खालच्या टोकापुढे वाळूचा पट्टा उघडा पडला होता आणि तिथे जायला माझ्याइतकी सोपी वाट नव्हती. पहिल्या दिवशी चार ट्रॅक्टर माझ्यावरून उतरले आणि भरून वर चढले. लोकांच्या अनवाणी पायांसाठी बसवलेले माझे दगड त्या चाकांखाली हलले. दुसऱ्या दिवशी एका कडेचे तीन धोंडे निखळून पडले. नानांनी ठेकेदाराच्या माणसाला अडवलं, तर तो हसून म्हणाला की कागद बघा, हा सरकारी रस्ता आहे, आणि रस्त्यावरून गाड्या जातातच.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्या शब्दाने मला जन्म दिला, तोच शब्द आता मला मोडत होता. मी पहिल्यांदा हताश झालो.

तिसऱ्या सकाळी ट्रॅक्टर आले तेव्हा मंजुळाबाई माझ्या खालच्या बारा फुटांवर बसली होती. काठी बाजूला, वाकडा पाय पुढे. झुंबरबाई तोवर राहिली नव्हती. तिची सून आली होती, आणि त्या तेवीस जणींपैकी गावात उरलेल्या सगळ्या. ट्रॅक्टर अर्ध्यावर येऊन थांबले. ठेकेदाराच्या माणसाने पुन्हा रस्त्याचं तुणतुणं लावलं.

“वरला रस्ता सरकारना शे,” मंजुळाबाई म्हणाली. “हाई बारा फूट आमनं शे. आठे हजेरी नव्हती.”

त्याने याला पुरावा काय, असं विचारलं. मोजमापाचे कागद पंचायतीच्या कपाटात होते आणि ते कुणाला वाचता येतील, समजतील, याची खात्री नव्हती. तेवढ्यात वरून पंडित आबा उतरताना दिसले. ते आता सरपंच नव्हते. काखेत पंचायतीची जुनी फाईल होती आणि बरोबर ग्रामसेवक टेप घेऊन आला होता. मला वाटलं, हे पुन्हा विरुद्ध बोलायला आले.

आबांनी चष्मा लावला आणि सर्वांसमोर माझी कागदावरची लांबी वाचली. टेप लावून मोजायला सांगितलं. टेप जिथे संपला तिथून पुढे मंजुळाबाई बसली होती.

आबा ठेकेदाराच्या माणसाला म्हणाले, “लांबी कमी लिहायला मीच लावली होती. तक्रार माझी होती. सरकारचा रस्ता इथे संपतो. याच्या पुढचा एकही दगड सरकारने टाकलेला नाही. ज्यांनी टाकला, त्यांना विचारा.”

विचारायची गरज नव्हती. बायका समोरच बसल्या होत्या, आणि त्या उठल्या नाहीत. दुपारपर्यंत ट्रॅक्टर उलटे फिरले. ठेकेदाराने नंतर खाली दोन कोसांवर दुसरी वाट काढली. माझे निखळलेले धोंडे नानांनी आणि आबांच्या शेतावरच्या सालदाराने मिळून परत बसवले. आबांनी मंजुळाबाईची क्षमा मागितली का, ते मला माहीत नाही. माझ्यावर उभं राहून तरी मागितली नाही. पण त्या दिवशी ते तिच्या दारी चहा प्यायले, हे मी पाहिलं. गावानेही पाहिलं.

आता अठ्ठ्याण्णव साल आहे. वर तीन कोसांवर पूल झाला. एस.टी. बोरदळ्यात येते. माझ्यावरून जाणारी माणसं कमी झाली. मंजुळाबाई गेल्या थंडीत वारली. नाना होडी चालवत नाहीत. त्यांचा पुतण्या चालवतो, तीही सकाळी आणि संध्याकाळी. माझ्या फटींतून बाभळीची रोपं आली आहेत आणि खालच्या दगडांवर शेवाळ आहे. कुणी म्हणतं, आता या धक्क्याचं काय काम? पलीकडे शेत असलेली बाई रोज तीन कोस वर जाऊन पूल ओलांडून तीन कोस खाली येईल का, हे तो विचारत नाही. म्हणून मी त्याला उत्तरही देत नाही. मी संध्याकाळच्या होडीची वाट बघतो.

पण या उन्हाळ्यात एक गोष्ट घडते आहे. चौऱ्याण्णवच्या पुराने नदीचा प्रवाह सरकला, पलीकडची वाळू वाहून गेली आणि गारा रानवाड्याच्या काठावर जाऊन बसला. तिकडच्या बायकांनी धुळ्याला अर्ज केला. जवळच पूल झालेला असल्याने मागणीचा विचार करता येत नाही, असं उत्तर आलं. चैत्रात त्यांच्यातल्या सुनंदाबाई नावाच्या बाई दोघीजणींना घेऊन होडीने इकडे आल्या. त्यांनी सुंभाने माझी रुंदी मोजली, माझा उतार बघितला, एका ओळीवर ओले पाय ठेवून पाहिले. नानांना खाटेवर उचलून आणलं होतं; त्यांनी सगळं सांगितलं. आता रोज सकाळी पलीकडून हातोड्यांचा आवाज येतो. पाण्यावरून तो इतका स्वच्छ येतो की कोणता घाव बरोबर बसला आणि कोणता नाही, ते मी इथून ओळखतो. काल त्यांची चौथी ओळ बसली.

मित्रांनो, मला हार घालू नका, माझ्यावर नावाची पाटी लावू नका. माझ्या फटींतली बाभूळ लहान आहे तोवर उपटा, आणि पावसाआधी एकदा शेवाळ खरवडा. एवढं केलंत तर मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. आणि वेळ असेल तर संध्याकाळच्या होडीने पलीकडे जा. तिथे दगड वाहायला माणसं कमी पडताहेत, आणि रोहिणीचा पाऊस लागायला आठच दिवस उरले आहेत.